टोपीवाला आणि पावणेसहाची बस

अमेरिकेतला तो म्हातारा गायक वारला तेव्हा जगभर लोकांनी म्हणे डोळे पुसले. खेड्यापाड्यातल्या साध्या माणसांची गाणी त्याने घराघरात नेली, आजचे कितीतरी गायक त्याच्याच पावलावर पाऊल टाकून चालतात, असं मी नंतर मोबाइलवर वाचलं. असेलही. माझ्यावर त्याचा जो परिणाम झाला तो त्या लेखांत कुठेच बसत नाही. मी नाशिकचा. लहानपणी माझ्या कानावर पडलं ते गल्लीतलं बँडपथक आणि रेडिओवरची भावगीतं. पोटापाण्यासाठी सौदीत येऊन पेट्रोकेमिकलच्या पाइपांत आयुष्य घातलं. या गायकाचं एकही गाणं मला आवडत नाही, आणि तरी त्याची चौदाच्या चौदा गाणी मला तोंडपाठ आहेत, सहाव्या गाण्यातल्या खोकल्यासकट.

खोकला गायकाचा नव्हे. कोणीतरी कधीकाळी एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून घेतली, तेव्हा खोलीतलं कोणी खोकलं, ते गाण्यात कायमचं राहिलं. इतक्या वर्षांत तो खोकणारा बरा झाला असेल किंवा गेला असेल, पण आमच्या बसमध्ये तो रोज सकाळ-संध्याकाळ खोकायचा.

ही बस सकाळी पावणेसहाला धाहरानमध्ये, तेल कंपनीच्या वसाहतीच्या भिंतीबाहेर उभी असते. भिंतीच्या आत हिरवळ आहे, पोहायचे तलाव आहेत, कंपनीची बडी मंडळी आहेत. आम्ही कंत्राटदाराची माणसं बाहेर भाड्याच्या फ्लॅटांत राहतो आणि तासाभरावरच्या प्लांटला बसने जातो. बस चालवतात ते चाचा. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, वय साठीला टेकलेलं, दाढी मेंदीने लाल केलेली. बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. म्हणून माझी जागा त्यांच्या बरोब्बर मागची. ती मी निवडली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी सीटवर थाप मारून सांगितलं होतं, "भाऊ, तुमी हितं बसायचंत. बोलायला बरं पडतं."

बोलायला कसलं बरं पडतंय! डोक्यावर स्पीकर आणि स्पीकरमध्ये टोपीवाला. टोपीवाला हे चाचांनी ठेवलेलं नाव. कॅसेटच्या खोक्यावर रुंद काठाची टोपी घातलेल्या माणसाचा फोटो होता आणि नावाची अक्षरं बोटं लागून लागून पुसली गेली होती. अक्षरं शाबूत असती तरी चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. बसमधले मल्याळी, फिलिपिनो, पाकिस्तानी सगळे त्याला टोपीवालाच म्हणायचे.

ती कॅसेट त्यांना मिळाली टेक्सासच्या एका साहेबाकडून. त्या काळी चाचा वसाहतीत कंपनीची गाडी चालवायचे आणि हा साहेब त्यांच्या गाडीत बसायचा. निवृत्त होऊन कायमचा घरी निघाला तेव्हा विमानतळावर त्याने ती चाचांच्या हातात ठेवली. "येवढा दांडगा मानूस, भाऊ, आनि पोरासारका रडला," चाचा सांगायचे. हे त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा सांगितलं. पुढचे महिने मी मोजायचं सोडून दिलं.

आता खरी गोष्ट कबूल करतो. हा छळ मी स्वतः विकत घेतला. मी रुजू झालो त्याच वर्षी जुनी बस गेली आणि नवी आली. नव्या बसमध्ये कॅसेट लावायची सोयच नव्हती. चाचा दोन दिवस असे उदास होते की जणू घरात कोणी आजारी आहे. मी नवा, उत्साही. म्हटलं, द्या इकडे. एक अख्खा शुक्रवार घालवून, कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवून, ती चौदा गाणी मी पेनड्राइव्हवर घेतली. बायको म्हणाली, "कुणाचं आहे हे रडगाणं?" मी म्हटलं, "असू दे गं, म्हातारा माणूस आहे. दोन-चार दिवस वाजवेल आणि विसरेल." स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे. कॅसेट निदान कधीतरी अडकली असती, तिची फीत गुंडाळली गेली असती. पेनड्राइव्हला मरणच नाही.

अकरा वर्षं झाली त्याला.

मी काय काय करून पाहिलं! कानात इअरफोन घातले, तर गिटारीचा खर्ज सीटमधून पाठीत शिरायचा. मागच्या बाकावर जाऊन बसलो, तर तिथेही एक स्पीकर निघाला, आणि चाचांनी आरशातून हाक मारली, "भाऊ, रागावलात काय?" परत पुढे आलो. झोपेचं सोंग घेतलं. चाचा गाणं संपेपर्यंत थांबायचे आणि मग मला हलवून त्याचा अर्थ सांगायचे.

हे अर्थ म्हणजे दुखण्यावर डागण्या. इंग्रजीचा गंध नसलेला हा माणूस प्रत्येक गाण्याची गोष्ट छातीठोकपणे सांगायचा. चौथ्या गाण्यात दोन भाऊ आहेत आणि त्यांची आंब्याच्या बागेवरून भांडणं झालीत. नवव्यात सासू आहे. तिसरं गाणं त्यांचं सर्वांत लाडकं. त्यात एक बाई धक्क्यावर उभी आहे, नवऱ्याची लाँच यायची आहे, दिवस मावळतोय आणि लाँच काही येत नाही. एकदा माझा संयम सुटला. घरी जाऊन मी त्या गाण्याचे शब्द शोधून वाचले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "चाचा, त्यात बाई नाही, धक्का नाही, लाँचही नाही. तो तुरुंगात आहे आणि लांबून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज ऐकतोय."

चाचांनी जरा विचार केला. म्हणाले, "तुरुंगात असला म्हनून काय झालं? वाट बघतोच हाय ना?"

माझ्याकडे शब्द होते, अर्थ होते, आणि हा माणूस काहीही न कळता नेमका मुद्द्यावर बसला होता. मला त्या दिवशी दुपारपर्यंत राग येत राहिला.

बरं, नुसतं बसपुरतं असतं तरी चाललं असतं. भाजी चिरताना मी ते गुणगुणतो, असं बायको म्हणते. मीटिंगमध्ये माझी बोटं टेबलावर त्याच ठेक्यात पडतात. शेवटच्या शब्दाशी आवाज मोडून सोडून द्यायची त्याची एक लकब होती, ती माझ्या आरतीत आली. गणपतीपुढे उभा राहून मी शेवटचा स्वर असा मोडला की माझा मुलगा, जो आमच्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देतो, म्हणाला, "बाबा, व्हाय आर यू सिंगिंग लाइक अ काउबॉय?" असा हा थोर कलावंताचा चिरस्थायी प्रभाव!

कोणीही विचारेल, मग सरळ सांगायचं ना, चाचा, बंद करा. तेच तर जमलं नाही. वयाने मोठा माणूस, रोज सलाम करणारा, ईदला डबा भरून खीर आणणारा. त्याला कुठल्या तोंडाने म्हणणार की तुमचं हे मला सहन होत नाही? बाकीचे तर सीटवर टेकले की झोपायचे, त्यांना टोपीवाला काय आणि भोंगा काय. राहता राहिलो मी. भीड भिकेची बहीण, हे मी शाळेत शिकलो होतो, पण शिकून उपयोग काय!

आता आमच्या कामातली एक पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्लांटमध्ये प्रत्येकाने महिन्याला दोन सेफ्टी कार्डं भरायची असतात. कुठे काही धोका दिसला की मोबाइलवर तो नोंदवायचा. नाव गुप्त राहतं, पण कोणाची किती कार्डं भरून झाली हे साहेबाला दिसतं. आता रोज उठून नवा धोका आणायचा कुठून? आमच्या ऑफिसच्या जिन्यावर एका पायरीची रबरी पट्टी निघालेली होती. त्या एका पायरीवर आमच्या विभागाने दोन वर्षं काढली. शेवटी कोणीतरी ती दुरुस्त केली तेव्हा सगळ्यांना हळहळ वाटली. मग झाकण नसलेला कॉफीचा कप, जमिनीवर लोंबणारी वायर, अर्धवट उघडा ड्रॉवर. यात एक अलिखित नियम होता, आणि तो आम्ही हिंदुस्थानी, पाकिस्तानी, फिलिपिनो सगळे इमानाने पाळायचो. कार्ड वस्तूवर लिहायचं. माणसावर लिहायचं नाही. वस्तूची फार तर दुरुस्ती होते, माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाऊ शकतो.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी हा नियम मोडला.

त्या रविवारी बसमध्ये चढलो तर टोपीवाल्याचा आवाज नेहमीच्या दुप्पट. आणि चौदा गाणी नव्हेत, एकच. तिसरं. संपलं की पुन्हा तेच. चाचा काही बोलत नव्हते, अर्थ सांगत नव्हते, समोर बघून गाडी हाकत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचे कान गेले. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. बुधवारी माझं डोकं असं ठणकायला लागलं की प्लांटवर उतरल्याबरोबर गोळी घ्यावी लागली. गुरुवारी महिन्याचा शेवटचा दिवस. बस हायवेला लागली आणि साहेबाचा मेसेज आला: अख्ख्या विभागात फक्त तुझं एक कार्ड बाकी आहे.

तेवढ्यात चाचांनी उजवा हात पुढे केला आणि आवाज आणखी वाढवला.

मी मोबाइल उघडला. "तेच गाणं पाच दिवस" असा धोका यादीत नसतो. यादीत होतं: वाहन, चालकाचं लक्ष विचलित होणे. ते निवडलं. बसचा नंबर टाकला. खाली लिहिलं, चालक वेगात गाडी चालवताना वारंवार म्युझिक प्लेअरला हात लावतो. वारंवार. त्यांनी हात लावला होता एकदा. पण एकदा लिहिलं तर कार्ड फुसकं वाटतं, म्हणून वारंवार. पाठवून दिलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सगळे उतरल्यावर चाचांनी मला थांबवलं. खिशातून घडी घातलेला कागद काढला. "भाऊ, हे जरा वाचा. माज्या कफीलानं, कंत्राटदारानं, दिलंय. इंग्रजीत हाय."

मी वाचलं. प्लांटच्या सेफ्टी विभागाने बस-कंत्राटदाराला पाठवलेलं पत्र होतं. तुमच्या अमुक बसच्या चालकाविरुद्ध निरीक्षण नोंदवलं गेलं आहे, त्याने लेखी खुलासा द्यावा आणि सुनावणीला हजर राहावं. खाली माझंच वाक्य जसंच्या तसं छापलेलं.

"काय हाय?" चाचांनी विचारलं.

मी सांगितलं. कोणी लिहिलं ते सोडून.

चाचा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. "फुडच्या महिन्यात माजं काँट्रॅक नवं व्हायचं हाय," ते म्हणाले. "ज्याच्यावर सेफ्टीचा डाग, त्याला रियाधला नेतात, अल सुलैच्या यार्डात. दिवसभर गोदामाच्या आवारात ट्रेलर हितनं तितं करायचे. तीन महिने ठेवतात आनि मग खलास, घरी. माजी पोरगी फार्मसीला हाय, भाऊ. अजून दोन वर्सं हायत तिची. दोन वर्सं मिळाली की मी आपून होऊन जातो, कोन थांबतंय?"

मग ते म्हणाले, "तुमी लिवून द्याल ना खुलासा? आपलं दुसरं कोन हाय हितं?"

अशा वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटतं. ती घेत नाही. मी मान हलवली. आणि जीभ आवरत नाही म्हणून विचारलं, "पण चाचा, तुम्ही त्या आठवड्यात एवढ्या मोठ्याने का लावलं होतंत?"

"टोपीवाला गेला ना," चाचा म्हणाले. "वसाहतीतल्या येका अमेरिकन साहेबानं सांगितलं. आपल्या दीन-धर्मातला नाय तो, त्याच्यासाठी फातिहा कसा पढायचा ते मला म्हायत नाय. पन इतक्या वर्सांचा सोबती. म्हटलं, निदान आठवडाभर त्याचा आवाज तरी घुमू दे."

मला सांगायचं ना! ही माझी पहिली प्रतिक्रिया, आणि ती रागाची होती. मग आठवलं की मी सगळा आठवडा डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसलो होतो.

घरी येऊन मी कार्ड मागे घ्यायला गेलो. मोबाइलवर तशी सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी सेफ्टी विभागाला फोन केला, एक कार्ड चुकून गेलंय म्हणून. तिथला माणूस म्हणाला, कार्ड मागे घेता येत नाही, प्रत्येक कार्डावर काहीतरी कारवाई होऊनच ते बंद होतं. मी म्हटलं, कारवाई करण्यासारखं काही नसलं तर? तो म्हणाला, तरीही कारवाई होते. ही व्यवस्था कोणी बनवली त्याला एकदा आमच्या बसमध्ये बसवायला हवं होतं.

बायकोला सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांना सांगून टाका ना, मीच लिहिलं म्हणून."

"इतकं सोपं आहे का ते?"

"सोपं कोण म्हणतंय?" ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

मी सांगितलं नाही. खुलासा मात्र लिहायला बसलो. स्वतःच्याच आरोपाला स्वतःच उत्तर लिहिणं हे काय असतं ते माझ्यावरून कळावं. शुक्रवारी नमाजानंतर चाचा आमच्या घरी आले, सोफ्याच्या अगदी कडेला बसले, आणि मी लॅपटॉप उघडून म्हटलं, "लिहू या, प्लेअरला अजिबात हात लावला नाही."

"लावला होता," चाचा म्हणाले. "येकदा. आवाज वाढवला होता."

"चाचा, एकदा लिहिलं तर त्यांना धरायला जागा मिळते. कोण बघायला आलंय? नाही असंच लिहू."

"कोनीतरी बगितलं म्हनूनच लिवलं ना, भाऊ? त्यानं बगितलं ते खोटं कसं म्हनायचं? येकदा लावला, येकदा लिवा. चुकी झाली म्हनून लिवा. फुडं नाय करनार म्हनून लिवा."

त्यानं बगितलं ते खोटं कसं म्हनायचं! मी की-बोर्डवर मान खाली घालून 'एकदा' असं टाइप केलं. इतका चिडलो होतो मी त्या माणसावर, त्याच्या खरेपणावर, की बायकोने आणलेला चहा तसाच गार झाला.

सुनावणी सोमवारी अकराला, प्लांटच्या सेफ्टी ऑफिसात होती. साहेबाची परवानगी काढून मी चाचांबरोबर गेलो, भाषेची अडचण नको म्हणून. तिथेही माझा पोपट झाला. सेफ्टी ऑफिसर तरुण सौदी मुलगा होता, पांढराशुभ्र पायघोळ थोब घातलेला, वागायला अगदी अदबीचा. त्याने आम्हाला खजूर दिले, छोट्या पेल्यांत कहवा ओतला, आणि चाचांशी जे अरबी सुरू केलं ते दहा मिनिटं थांबलं नाही. तीस वर्षं या देशात गाडी चालवलेल्या माणसाला अरबी येणार नाही तर कोणाला येणार? दोघं हसलेसुद्धा. मला त्यातलं यल्ला आणि खलास एवढं कळलं.

मग ऑफिसर माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "खुलासा तुम्ही लिहिलात ना? चांगला आहे. पण एक अडचण आहे. हे म्हणतात एकदा. कार्डात लिहिलंय वारंवार. एकदा असेल तर मी समज देऊन हे इथेच संपवतो. वारंवार असेल तर मला कंत्राटदाराला कळवावं लागेल, यांना प्रवासी बसवरून काढा म्हणून. कार्ड कोणी लिहिलं ते मला दिसत नाही, त्यामुळे विचारणार कोणाला? कार्डच खरं धरावं लागेल."

चाचा माझ्याकडे बघत होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण हा माणूस आपल्या वतीने आता काहीतरी बोलेल, एवढा विश्वास त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्या विश्वासाचाच मला शेवटी कंटाळा आला. आणखी किती वेळ मी तो अंगावर घेऊन बसणार होतो?

"कार्ड मी लिहिलं," मी म्हटलं. "त्यांनी एकदाच हात लावला. वारंवार हे मी माझ्या पदरचं घातलं. माझं कार्ड बाकी होतं आणि मला गाण्याचा वैताग आला होता."

ऑफिसरने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "खोटं कार्ड लिहिणं ही त्याहून गंभीर गोष्ट आहे, माहीत आहे ना? तुमच्या फाइलमध्ये नोंद जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं.

आणि मग तो चाचांकडे वळला आणि त्यांना अरबीत सांगायला लागला. माझा गुन्हा माझ्यासमोर सांगितला जात होता आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो काय शब्द वापरत होता, मला लबाड म्हणाला की नुसता बेजबाबदार, देव जाणे. चाचा ऐकत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी छातीवर हात ठेवून त्यांनी ऑफिसरचे आभार मानले आणि उठले.

चाचांवरचा डाग निघाला. त्यांचं काँट्रॅक्ट होणार, हे त्याने तिथल्या तिथे सांगितलं. पण कार्ड बंद करायला कारवाई हवीच होती. ती त्याने माझ्यासमोर टाइप केली: कंत्राटदाराच्या सगळ्या बसमधले म्युझिक प्लेअर काढून टाकावेत. सगळ्या! मी म्हटलं, अहो, कशाला? तो म्हणाला, कारवाई काहीतरी लिहावी लागते.

उरलेल्या दिवसाची रजा टाकून मी लगेच निघालो, म्हणून परतीच्या बसमध्ये आम्ही दोघंच. प्लेअर अजून जागेवर होता, पण चाचांनी तो लावला नाही. एसीचा आवाज, टायरांचा आवाज, बाहेर सपाट वाळू आणि विजेचे खांब. मी माझ्या जागेवर बसलो होतो. अकरा वर्षं ज्या शांततेसाठी तळमळलो ती ही, आणि मला तिच्यात श्वास घेता येत नव्हता. लाज वाटत होती. थोडा रागही येत होता, की हा माणूस ओरडत का नाही.

अर्ध्या रस्त्यावर चाचा बोलले. समोर बघूनच.

"अकरा वर्सं माज्या पाठीमागं बसलात. येक शब्द बोलायचात. चाचा, बंद करा. मी काय चावलो असतो तुमाला?"

"तुम्ही वयाने मोठे, चाचा. वाटलं, तोंडावर सांगणं बरं दिसणार नाही."

"आनि कागदावर बरं दिसलं?"

मला आयुष्यात कोणी इतकं नेमकं झोडपलेलं नाही, आणि त्यासाठी त्यांनी आवाजही चढवला नव्हता. नवा हायवे संपला, जुना रस्ता लागला, वसाहतीची भिंत दिसायला लागली. बस थांबली. मी पिशवी उचलली, दारापाशी गेलो आणि माझ्या तोंडून निघालं, "चाचा, उद्या भेटू."

सकाळी मला नेहमी दोन-तीन मिनिटं उशीर होतो. मुलाचा डबा, इस्त्री, काही ना काही राहतंच. कोपऱ्यावरून पळत येतो तेव्हा बस सुरू असते, दार उघडं असतं, मागचे लोक कुरकुरत असतात आणि चाचा त्यांना हाताने थांबा थांबा करत असतात. मला सोडून ती बस एकदाही गेलेली नाही.

"पावनेसहा म्हंजे पावनेसहा," चाचा म्हणाले. "थांबनार नाय."

दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.